माजी विद्यार्थ्यास नोकरीविषयी पत्र लिहिताना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी पुण्या-मुंबईच्या कारखान्यात वा कचेरीत नोकरी केलेले कोणी असतेच असे नाही. अशा वेळी आपल्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी हीच त्याची एकमेव ओळख असते. ‘नॅक’च्या मूल्यांकनात नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाचा विचार होत असल्याने अनेक महाविद्यालयांनी याद्या तयार केल्या आहेत, त्यांचा उपयोग कसा करावा, हे मात्र क्वचितच शिकविले जाते.

जागा जाहीर झालेली नसताना अपरिचित माजी विद्यार्थ्यास पत्र लिहिण्यात गैर काहीच नाही. ‘माझ्यासाठी काही तरी बघा’ हा एकच मजकूर चाळीस जणांना धाडणे मात्र गैर होय. वाचणाऱ्याला धड होकार देता येत नाही, धड नकारही देता येत नाही. तो गप्प राहतो आणि पुढील वर्षी आलेल्या चांगल्या पत्रालाही उत्तर देत नाही. ही हानी ज्याचा काही दोष नाही अशा विद्यार्थ्याची होते.

म्हणून ज्याचे उत्तर देता येईल तेच विचारावे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद प्रक्रिया उद्योगातील माजी विद्यार्थ्यास रसायनशास्त्राच्या पदवीधराने असे लिहावे : “मी आपल्याच महाविद्यालयातून यंदा पदवी घेतली. आपला पत्ता आमच्या विभागप्रमुखांनी दिला. हळदीतील कुरकुमिनचे प्रमाण तपासण्याच्या कामासाठी कोणते शिक्षण लागते, हे कळविल्यास आभारी होईन. सवड नसल्यास उत्तर न दिले तरी चालेल.” शेवटचे वाक्य गाळू नये. प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडू नये. उत्तर न आल्यास दोन-तीन आठवड्यांनी एकदाच स्मरण द्यावे. वडिलांकडून किंवा सरपंचांकडून दूरध्वनी करविण्याची आपल्याकडे मोठी हौस, ती आवरावी.

शासकीय नोकरीची गोष्ट निराळी. औंढा तालुक्यातील लायगो-इंडिया प्रकल्पाच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे काम मिळावे असे तरुणांना वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु सार्वजनिक सेवेत संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार सर्वांस समान संधी आहे. तेथे पात्रता, परीक्षेचे स्वरूप, कामाची पद्धत एवढेच विचारावे. ‘जरा शब्द टाका’ असे लिहिले की ओळखीचा वशिला होतो, आणि ज्याला लिहिले तोच अडचणीत येतो.

शिक्षकांनी यादी सरसकट हाती देऊ नये. आधी त्या माजी विद्यार्थ्याची संमती घ्यावी. उत्तर आल्यावर, ते नकाराचे असले तरी, विद्यार्थ्याकडून आभाराचे दोन शब्द जातील हेही पाहावे. पुढे त्याला नोकरी लागली की त्याच्या संमतीने त्याचेही नाव यादीत घ्यावे.