कॅप्टन मोल्सवर्थ : शब्दसंग्राहक सेनाधिकारी

एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात नोकरीसाठी आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज केवळ जुन्या दप्तरांत उरली आहेत. काहींची नावे लढायांमुळे, काहींची कारभारामुळे इतिहासात राहिली. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचे नाव मात्र एका शब्दकोशामुळे मराठी माणसाच्या स्मरणात आहे. कोणत्याही लढाईतील पराक्रमाशी ते जोडलेले नाही. शासनव्यवहार लोकांच्या भाषेत चालावा असे मानणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे चरित्र अवश्य समजून घ्यावे.

लष्करी सेवा आणि भाषाभ्यास

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ मधील. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. या लष्करातील शिपायांमध्ये कोकणातील व देशावरील लोकांचा मोठा भरणा असे. शिपायांशी बोलण्यासाठी अधिकाऱ्याला देशी भाषा येणे आवश्यक होते आणि पलटणीत दुभाष्याचे पद मिळण्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागे. अनेक अधिकारी परीक्षेपुरते शिकून थांबत. मोल्सवर्थ यांना मात्र या भाषेची गोडी लागली.

१८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला आणि विस्तीर्ण मराठी मुलूख मुंबई सरकारच्या ताब्यात आला. जमीनमहसूल, न्यायनिवाडा, वतनांचे दावे, रयतेच्या अर्जफाट्यांची चौकशी या साऱ्यांसाठी मराठी जाणणे आता अपरिहार्य झाले. एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला तर एखाद्या कुटुंबाची जमीन वा हक्क धोक्यात येई. या कामी उपयोगी पडावीत अशी साधने तुटपुंजी होती. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेला कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे मोडी टाइपात छापला गेला होता. व्हॅन्स केनेडी यांचा कोश १८२४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. परंतु रोजच्या व्यवहारातील मराठीचा आवाका या दोन्ही कोशांत मावणारा नव्हता.

कोशाची सिद्धता

ही उणीव भरून काढण्याचे काम मुंबई सरकारने मोल्सवर्थ यांच्याकडे सोपविले. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे बंधू, तेही लष्करी अधिकारीच, त्यांना साहाय्यक म्हणून मिळाले. मात्र या कार्याचा खरा आधार होता तो शब्द गोळा करून त्यांचे अर्थ विशद करणाऱ्या मराठी शास्त्रीमंडळींचा. याच काळात सरकारच्या आश्रयाने जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी पंडितांनी ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ सिद्ध केला आणि तो १८२९ मध्ये प्रसिद्ध होऊ लागला. मोल्सवर्थ यांच्या यशाचा विचार करताना या पंडितांच्या परिश्रमांचा विसर पडता कामा नये.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. पुढे त्यांनी इंग्रजी-मराठी कोशाचे काम हाती घेतले. परंतु प्रकृती ढासळल्याने १८३६ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. तो कोश टॉमस कँडी यांनी पूर्ण केला व १८४७ मध्ये प्रसिद्ध केला.

१८५१ मध्ये सरकारने मोल्सवर्थ यांना मराठी-इंग्रजी कोशाच्या सुधारणेसाठी पुन्हा बोलावून घेतले. महाबळेश्वर येथे राहून त्यांनी हे काम तडीस नेले. १८५७ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६० हजारांवर गेली. डॉ. जॉन विल्सन यांचे मराठी भाषेविषयीचे विवेचनही तीत समाविष्ट आहे.

या दोन आवृत्त्यांची मुखपृष्ठे पाहिली असता एक लहानसा फरक लक्षात येतो. पहिल्या आवृत्तीवर ‘कॅप्टन’ हा हुद्दा आहे; दुसऱ्या आवृत्तीवर तो नाही. लष्करी पेशा आपल्या धर्मश्रद्धेशी विसंगत आहे असे मोल्सवर्थ यांचे मत झाले होते व त्यांनी सेवेचा त्याग केला होता. तलवार खाली ठेवली, पण शब्दांची सेवा सोडली नाही. १३ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमध्ये क्लिफ्टन येथे त्यांचे निधन झाले.

कोशाचे वैशिष्ट्य

हा कोश केवळ ग्रंथांतील भाषेचा नाही. शेतकऱ्याच्या नांगराचे रुमणे, बाजारातील मापे, घरगुती भांडी, मुलांचे खेळ, रोगांची व वनस्पतींची नावे, तसेच ‘खळखळ’, ‘कडकड’ यांसारखे असंख्य अनुकरणवाचक शब्द त्यात आहेत. शब्दाचे लिंग, त्याचे मूळ संस्कृत की फारसी-अरबी, त्याच्या अर्थच्छटा, त्यास जोडून येणारे वाक्प्रचार व म्हणी यांची नोंद केलेली आढळते. दप्तरांत मोडी रूढ असताना शब्द बाळबोध लिपीत छापल्यामुळे लेखनाला स्थैर्य येण्यासही मदत झाली.

या कोशाला मर्यादाही आहेत. वऱ्हाड, नागपूर व मराठवाडा हे प्रदेश त्या काळी मुंबई इलाख्याबाहेर होते. कोकण व देशावरील बोलींच्या मानाने त्या भागांतील बोलींना त्यात कमी वाव मिळाला. शब्द सांगणारे बहुतांशी शास्त्री-पंडित असल्याने कारागीर, वनवासी आणि स्त्रिया यांच्या बोलीतील कितीतरी शब्द नोंदीवाचून राहिले असावेत.

तरीही कोशाचे महत्त्व कमी झाले नाही. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती काढली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून प्रसिद्ध झाल्यानंतरही मोल्सवर्थचा उपयोग चालूच राहिला. १९७५ मध्ये ना. गो. कालेलकर यांच्या प्रस्तावनेसह पुण्यात त्याचे पुनर्मुद्रण झाले. आता शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे तो संगणकावरही पाहता येतो.

आजच्यासाठी बोध

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याच्या कारभाराची भाषा ठरली. तथापि कायद्याने भाषा कार्यालयात येते. ती लोकांना समजेल की नाही, हे लिहिणाऱ्याच्या शब्दनिवडीवर अवलंबून असते. ग्रामसभेच्या नोटिशीतील शब्द गावकऱ्याला उमगला नाही, तर ती योजना त्याच्या दारापर्यंत पोचूनही दाराबाहेरच राहते. परक्या देशातून आलेल्या एका अधिकाऱ्याने रयतेचा शब्द समजून घेण्यासाठी अनेक वर्षे वेचली. त्या प्रयत्नामागे राज्यकर्त्यांची सोय होती, हे खरे. आज लोकनियुक्त शासनावर ही जबाबदारी कितीतरी अधिक आहे.

मोटेची जागा पंपाने आणि पायलीची जागा किलोने घेतली, तसे त्या वस्तूंभोवतीचे शब्दही नव्या पिढीच्या कानांवरून नाहीसे होत आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावातील शेती, पाणी, बलुतेदारी, सण व औषधी वनस्पती यांविषयीचे शब्द वृद्धांकडून विचारून वहीत उतरवून घ्यावेत. शब्दापुढे त्याचा अर्थ, वापराचे एक वाक्य आणि सांगणाऱ्याचे गाव लिहावे. ग्रामपंचायतीने त्या वह्या जपून ठेवाव्यात. हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. मोल्सवर्थ आणि त्यांचे शास्त्री यांच्या कोशात जे राहून गेले, ते नोंदविण्याची संधी अजूनही गावोगाव उपलब्ध आहे. मात्र ते शब्द जाणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.