केंड मासा : साफ केला तरी भरवसा नको

संगमेश्वरहून शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. खाडीची नि बंदरावरची मासळी आपल्या वस्त्यांत येते, तिच्यात कधी केंडही असतो. धरला की फुग्यासारखा फुगतो, अंगाला खवले नाहीत, दात पोपटाच्या चोचीसारखे. त्या दातांनी जाळी फाडतो म्हणून मच्छीमार त्याला शिव्या घालतात नि टाकून देतात. टाकलेली मासळी फुकट मिळते आणि फुकटचे कालवण गरिबाच्याच चुलीवर शिजते, म्हणून हे लिहितो आहोत.

'आतडी काढली की केंड चालतो,' असे सांगणारे भेटतात. हे अर्धेच खरे. लॅगोसेफॅलस इनर्मिस या जातीचे मांस खाण्याजोगे धरतात. विष तिच्या काळजात नि गाबोळीत असते. पण तिच्यासारखीच दिसणाऱ्या लॅगोसेफॅलस लुनारिसच्या मांसातही विष असते. सोललेल्या तुकड्यांवरून जात कशी ओळखणार? जपानात केंड कापायला परवाना लागतो, आणि काळीज तिथेही हॉटेलात वाढायला बंदी आहे. विळीवर काळीज फुटले की विष मांसाला लागते.

हे विष टेट्रोडोटॉक्सिन. ते उकळून, तळून, आमसुलाने, मीठ लावून वा उन्हात वाळवून जात नाही. १७७४ साली कॅप्टन कुकने काळीज-गाबोळी नुसती चाखली, तरी त्याचे हातपाय बधिर झाले. आतडी खाल्लेले डुक्कर मेले.

विषबाधा झाल्यास बहुधा काही मिनिटांपासून तीन-चार तासांत ओठ-जिभेला मुंग्या येतात, मग ओकारी, हातपाय लुळे, बोलणे जड, शेवटी श्वास अडतो. माणूस निपचित पडला तरी त्याला बरेचदा सारे ऐकू येत असते. घरच्यांना वाटते दारू चढली किंवा लागीर झाले. अंगाऱ्यात वेळ घालवू नका. यावर उतारा नाही. यंत्राने श्वास चालू ठेवला तर विष लघवीवाटे निघून जाते, आणि पहिले २४ तास काढलेला रुग्ण बहुतेक वाचतो. रत्नागिरी गाठायला तासभर तरी जातो, म्हणून ओठांना मुंग्या येताच १०८ ला फोन करा आणि 'केंड खाल्लाय' हे स्पष्ट सांगा. गिळता येत नसेल तर पाणीही पाजू नका, कुशीवर निजवा. श्वास थांबला तर गाडी येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहा. त्याच ताटातले जेवलेल्या सगळ्यांना, पोरांना आधी, दवाखान्यात न्या. उरलेले कालवण झाकून डॉक्टरांना दाखवायला घ्या.

घरात केंड आलाच असेल तर कोंबड्या-मांजरांनाही घालू नका, खोल पुरून टाका.