नावात खगोल नाही म्हणून रडतेस?

परवा फोनवर अगदी रडवेली झाली होतीस. म्हणे, "ताई, विभागाच्या पाटीवर नुसतं भौतिकशास्त्र लिहिलंय. मला तर तारे शिकायचेत." अगं वेडाबाई, साताऱ्याहून कोल्हापूरला निघालेल्या गाडीवर 'मिरज' लिहिलेलं नसतं, म्हणून ती मिरजेला थांबत नाही का?

जयंत नारळीकरांचंच बघ. जन्म कोल्हापूरचा, 1938 चा. पदवी बनारस हिंदू विद्यापीठाची, पुढे केंब्रिजला गेले ते गणित शिकायला. खगोलशास्त्र भेटलं ते नंतर, फ्रेड हॉइल यांच्याकडे संशोधन करताना. आणि 1988 मध्ये पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, तिचे पहिले संचालक तेच. तेव्हा पाटी सोड. भौतिकी आणि गणित पक्कं कर. आकाश कुठे पळून जात नाही.

तू साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेली, तुझी मैत्रीण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची. दोघींनाही कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ म्हणजे दारातलंच. पण तिथे जाताना डोळे उघडे ठेवून जा. तिथल्या भौतिकशास्त्र विभागाचं नाव झालंय ते थिन फिल्मसाठी. सी. डी. लोखंडे सरांसारख्यांनी साध्या रासायनिक पद्धतींनी फिल्म करण्याचं काम तिथे वर्षानुवर्षं केलं. ते काय असतं ते ऐक.

काचेची एक स्लाइड घ्यायची, मायक्रोस्कोपखाली ठेवतात तसली. ती इतकी धुवायची की पाण्याचा थेंबही तिच्यावर नीट पसरावा. बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया. स्लाइड उभी धरून बीकर गरम करत ठेवायचा. बराच वेळ काहीच होत नाही. तू कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागतेस, आणि वळून पाहतेस तर द्रावण पिवळं व्हायला लागलेलं असतं. काचेवर हळदीच्या बोटासारखा पिवळा थर चढतो, तो कॅडमियम सल्फाइड. काही सोलर सेलमध्ये हाच थर वापरतात. मग एक्सआरडी या एक्स-रे यंत्रावर त्याची रचना बघायची, किती प्रकाश शोषतो ते मोजायचं. आणि गंमत अशी की प्रकाशाचे रंग वेगळे करून वस्तू कशाची बनली ते ओळखायचं, हीच युक्ती ताऱ्यांनाही लागते. फरक इतकाच की तारा बीकरमध्ये बुडवता येत नाही.

याच विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार केंद्रही आहे. जमिनीपासून 80–90 किलोमीटरवर वारे कसे वाहतात ते अशा रडारने कळतं. ताऱ्यांपेक्षा खूप अलीकडचं आकाश आहे ते, मान्य. पण आकडे गोळा करणं, त्यांतला गोंगाट काढणं, महिनोन्‌महिने एकाच आलेखाकडे बघत बसणं, ही सवय तिथे लागते. खगोलशास्त्रज्ञाचं निम्मं आयुष्य त्यातच जातं, दुर्बिणीला डोळा लावण्यात नव्हे.

आता खरं हितगुज. विभाग निवडू नकोस, माणसं निवड. कुठल्याही विभागात गेलीस की शिक्षकांची यादी बघ, पण नावापुढच्या पदव्या मोजत बसू नकोस. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांनी काय लिहिलं ते वाच. त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठ, शक्य तर मुलींनाच, आणि चहा पाजून विचार: पीएच.डी.ला किती वर्षं लागली? मशीन चालू असतं का? सर भेटतात का? मी हे विचारलं नव्हतं. एका ठिकाणी केवळ विषयाचं भारदस्त नाव बघून प्रोजेक्ट घेतला, आणि ज्या यंत्रावर तो करायचा ते आठ महिने बंद होतं. आठ महिने, बाई! घरी सांगायलाही लाज वाटायची. तू लाजू नकोस, विचार.

परीक्षांचं थोडक्यात. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम, पुढे आयुका किंवा एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रात पीएच.डी.ला जायचं तर जेस्ट. दोन्हींत विचारतात ती भौतिकीच. क्वांटम आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्सला सुट्टी देऊ नकोस. गाईड बुकातली उत्तरं पाठ करणाऱ्या मुली मी पाहिल्यात, पहिल्याच मुलाखतीत गडबडतात.

आणि आकाश बघायची हौस? ती जवळच, सांगली जिल्ह्यात भागव. पावसाळा सरला की मावशीकडे जत किंवा आटपाडीला जाऊन गच्चीवर झोप. आपण ज्याला दुष्काळी भाग म्हणून नाक मुरडतो, तिथे ढग कमी आणि दिवेही कमी.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र माझ्याबरोबर खोडदला यायचंच. नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्या दिवसांत लोकांना बघायला खुली असते. तिथे संशोधक उभे असतात. त्यांना ताऱ्यांचं काही विचारायच्या आधी एवढंच विचार, "तुम्ही एम.एस्सी. कशात केली?" उत्तर ऐकलंस की मला फोन कर.