इंग्लंडच्या चर्चमध्ये वर्षभर सेवा : खिशातून किती जाईल?

इंग्लंडमधल्या एखाद्या चर्चने वर्षभर सेवेला बोलावले की घरचे आधी विमानाच्या तिकिटाचा भाव काढतात. मोठी रक्कम मात्र तिकिटाच्या आधीच भरावी लागते, आणि तीही एकदम.

फूड बँक, बेघरांसाठीचे जेवण, युवक केंद्र अशा बिनपगारी कामासाठी ‘चॅरिटी वर्कर’ व्हिसा लागतो. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. एप्रिल २०२५मध्ये त्याचे शुल्क ३१९ पौंड झाले. त्यावर आरोग्य सेवेचा सरचार्ज, म्हणजे वर्षाचे १,०३५ पौंड. पौंड ११५ रुपयांचा धरला तरी दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर जातात. शिवाय ब्रिटिश सरकार स्वतःचा विनिमय दर लावते आणि तो बाजारापेक्षा चढा असतो, तेव्हा थोडी रक्कम वरची धरा.

सहा महिने किंवा त्याहून कमी काळासाठी भारतातून अर्ज केला तर हा सरचार्ज लागत नाही, आणि सहा महिन्यांवरच्या मुक्कामासाठीची क्षयरोगाची तपासणीही टळते. काम तेवढ्यात आटोपण्यासारखे असेल तर चर्चला तसे सुचवायला संकोच कशाला? मात्र सरचार्ज न भरणाऱ्याला तिथल्या इस्पितळातल्या बहुतेक उपचारांचे बिल येते. प्रवासविमा चांगला हवा. वर्षभरासाठी जाणार असाल तर क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने मान्यता दिलेल्या दवाखान्यातच करा. घरच्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे चालत नाही.

आणखी १,२७० पौंड तुमच्या खात्यात सलग २८ दिवस दिसावे लागतात. हा खर्च नाही, पण उसनवारी करून शेवटच्या आठवड्यात भरलेली रक्कम उपयोगाची नाही. पहिल्या महिन्याचा खर्च आम्ही उचलू, असे चर्चने व्हिसासाठी लागणाऱ्या स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटवर नोंदवले तर ही अटच उरत नाही. वसईच्या किंवा नगरच्या साध्या घरातल्या मुलासाठी ही एक नोंद विमानाच्या तिकिटाहून मोलाची. ती मागून घ्या.

हे सर्टिफिकेट परवानाधारक संस्थाच देऊ शकते. अशा संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. इंग्लंड-वेल्समधल्या धर्मादाय संस्थांची नोंदही तशीच उघडी आहे. ‘सर्टिफिकेट काढून देतो, दोन लाख द्या’ म्हणणारा एजंट भेटला तर बोलणे तिथेच थांबवा, मग तो कितीही भाविक दिसो.

मुलांबरोबर काम असेल तर चर्च भारतातला पोलिस दाखला मागू शकते. पासपोर्ट कार्यालयामार्फत त्याचे ५०० रुपये पडतात. तिथली डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी स्वयंसेवकांना मोफत असते.

आता तिथे पोचल्यावरचे. या व्हिसावर कामाचा मोबदला घेता येत नाही. राहणे, जेवण आणि खरोखर झालेला खर्च, एवढेच चर्च देऊ शकते. ‘फावल्या वेळात हॉटेलात काम करीन’ हा बेत इथेच सोडा. म्हणून रोजचा प्रवास कोण भरणार हे आधी ठरले पाहिजे. लंडनबाहेर इंग्लंडमधल्या बहुतेक बसचे एका फेरीचे भाडे कमाल ३ पौंड. खोली आणि फूड बँक यांच्यामध्ये दोन बस असतील तर जाऊन-येऊन १२ पौंड, आठवड्याला चार दिवस धरले तर ४८. आठवड्याचा पास स्वस्त पडेल, पण मुळात खोली कुठे आहे ते नकाशावर पाहून मगच होकार द्या. लंडनमध्ये बसचे १.७५ पौंड लागतात आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, तपासणीही फुकट. औषधाला मात्र इंग्लंडमध्ये प्रत्येक प्रकारामागे ९.९० पौंड मोजावे लागतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काहीच नाही. दातांचे काम आणि चष्मा इथूनच उरकून जा. जाड कोट मात्र इथून नेऊ नका. तिथल्या चॅरिटी दुकानांत तो बराच स्वस्त मिळतो आणि बॅगेतली जागा मसाल्यांना उरते. रविवारच्या दानाची काळजी नको. बऱ्याच चर्चमध्ये आता दारात कार्डाचे यंत्र असते, तुम्ही काय टाकले ते कोणी पाहत नाही.

नुसता अनुभवच हवा असेल तर साध्या व्हिजिटर व्हिसावरही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत सेवा करता येते. माझ्या मते पहिल्या खेपेला हेच बरे.

वर्षभराचेच ठरले असेल तर चर्चकडून पाच गोष्टी लेखी घ्या : व्हिसा, सरचार्ज, तिकीट, राहणे-जेवण, रोजचा प्रवास. प्रत्येकीपुढे भरणाऱ्याचे नाव. आणि व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट काढू नका. अर्ज नाकारला गेला तर सरचार्ज परत मिळतो, व्हिसाचे शुल्क मिळत नाही.