वनस्पतींतील आम्ले, संप्रेरके आणि त्यांची नावे

मागील घटकात पारिभाषिक संज्ञा कशा घडविल्या जातात, हे तुम्ही अभ्यासले. त्या संज्ञा प्रत्यक्ष वैज्ञानिक गद्यात कशा वापरल्या जातात, हे या घटकात पाहावयाचे आहे. त्यासाठी एकच विषय निवडला आहे : रोग, कीड आणि पाण्याचा ताण यांना तोंड देताना वनस्पतींच्या उपयोगी पडणारी आम्ले व संप्रेरके. मराठीच्या विद्यार्थ्याने हे का वाचावे, अशी शंका मनात येईल. तुमच्यापैकी काही जण शेती करतात, काही शिकवितात, काही वृत्तपत्रांत लिहितात. कृषिविषयक मजकूर मराठीत लिहिण्याचे काम तुमच्याकडे केव्हाही येऊ शकते, आणि तेथे एक शब्द चुकला तरी शेतकऱ्याचा खर्च वाया जाऊ शकतो.

प्रथम दोन संज्ञा. 'आम्ल' म्हटले की चिंच, लिंबू किंवा बॅटरीतील दाहक द्रव आठवतो. प्रस्तुत संदर्भात मात्र हा शब्द रेणूच्या रासायनिक घडणीपुरताच आहे. या आम्लांनी झाड किडीला भाजून काढीत नाही. पेशींत त्यांचे प्रमाण अत्यल्प असते आणि त्यांचे कार्य निरोपाचे असते; म्हणूनच त्यांची गणना संप्रेरकांत होते. 'हॉर्मोन' ही संज्ञा अर्नेस्ट स्टारलिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणली. तिच्या मुळाशी 'चालना देणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. मराठी 'संप्रेरक' शब्दातही प्रेरणेचाच धातू आहे. परिभाषेतील थोड्याच शब्दांना असे भाग्य लाभते.

सॅलिसिलिक आम्लाचे नाव विलो वृक्षाच्या 'सॅलिक्स' या लॅटिन नावावरून आले. आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज याच प्रजातीतील आहे. अ‍ॅस्पिरिन हे या आम्लाचेच रूपांतर. १९७९ मध्ये आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचले, तेव्हा मोझॅक विषाणूमुळे पडणारे डाग कमी झाले. पुढे १९९० मध्ये तंबाखू आणि काकडी यांवरील स्वतंत्र संशोधनांतून दिसून आले की, संसर्गानंतर रोपात हे आम्ल आपोआपच वाढते. त्यामुळे एका जुन्या निरीक्षणाला नवा अर्थ लाभला. रोपाच्या खालच्या पानांना संसर्ग झाला, तर वरची निरोगी पाने नंतरच्या संसर्गाला अधिक प्रतिकार करतात, हे ए. एफ. रॉस यांनी १९६१ मध्येच दाखविले होते. या प्रतिकारासाठी सॅलिसिलिक आम्ल आवश्यक असते. भुरी, तांबेरा यांसारख्या, जिवंत पेशींवरच पोसणाऱ्या रोगकारकांविरुद्ध त्याचा विशेष उपयोग होतो. (दुखऱ्या सांध्यांवर चोळावयाच्या अनेक मलमांचा उग्र वास याच आम्लाच्या एका बाष्पशील रूपाचा असतो.)

जॅस्मोनिक आम्लाच्या नावात चमेली आहे, कारण त्याचे सुगंधी रूप १९६२ मध्ये चमेलीच्या तेलातून वेगळे करण्यात आले. सुगंधाच्या शोधातून मिळालेले हे नाव संरक्षणाच्या कार्याविषयी काहीच सांगत नाही. अळीने पान कुरतडले की पेशींच्या पटलांतील लिनोलेनिक आम्लापासून, म्हणजे जवसाच्या तेलात विपुल असणाऱ्या मेदाम्लापासून, जॅस्मोनिक आम्ल तयार होऊ लागते. टोमॅटोच्या पानांत त्याच्या प्रभावाने अशी प्रथिने वाढतात की, ती खाणाऱ्या अळीच्या पोटातील पाचक विकरांचे काम अडते. एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी १९९० मध्ये टोमॅटोची रोपे आणि सेजब्रश या झुडपाच्या फांद्या एकाच बंद पात्रात ठेवल्या. सेजब्रशमधून हवेत मिसळणाऱ्या मिथिल जॅस्मोनेटमुळे टोमॅटोच्या पानांतही ती प्रथिने वाढली.

हा प्रयोग मराठीत सांगताना 'टोमॅटोने शेजाऱ्याची हाक ऐकली' असे लिहिण्याचा मोह होतो. वाक्य वाचनीय आहे, यात शंका नाही. परंतु त्यात झाडाला कान आणि हाक मारणाऱ्याला हेतू मिळाला. प्रयोगातून यांपैकी काहीच सिद्ध झालेले नाही. रूपकाला माझा विरोध नाही. 'निरोप' हेही रूपकच आहे. ते स्वीकारार्ह ठरते, कारण त्यामागे दाखविता येणारी यंत्रणा आहे : एका ठिकाणी रेणू तयार होतो, दुसऱ्या ठिकाणच्या ग्राही प्रथिनाशी तो जुळतो आणि पेशीचे काम बदलते.

निरोप म्हटला की बनावट निरोपाचीही शक्यता आली. स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूचे काही वाण कोरोनॅटिन नावाचे विष तयार करतात. त्याची घडण जॅस्मोनिक आम्लाच्या क्रियाशील रूपासारखी असल्यामुळे ग्राही प्रथिन फसते. अनेक वनस्पतींत जॅस्मोनिक आणि सॅलिसिलिक आम्लांचे मार्ग एकमेकांना दाबतात. परिणामी रोपात अळीविरुद्धची तयारी सुरू होते आणि जिवाणूविरुद्धची तयारी ढिली पडते. म्हणून 'पिकाची प्रतिकारशक्ती वाढविते' हे वाक्य एखाद्या वेष्टनावर वाचाल, तेव्हा 'कशाविरुद्ध?' असे अवश्य विचारा. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, परंतु शेतकऱ्याला आवश्यक असलेला तपशीलच गाळला आहे.

सर्वांत दिशाभूल करणारे नाव अ‍ॅब्सिसिक आम्लाचे. १९६० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट यांचा गट कपाशीची बोंडे का गळतात, याचा शोध घेत होता. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग वृक्षांच्या कळ्यांची सुप्तावस्था अभ्यासत होते. दोघांना सापडलेला पदार्थ एकच निघाला आणि नाव मात्र गळतीवरून रूढ झाले. प्रत्यक्षात पानगळीत एथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा वाटा मोठा असतो. अ‍ॅब्सिसिक आम्लाचे प्रमुख कार्य पाण्याच्या ताणाशी निगडित आहे. पावसाने ओढ दिली, जमीन सुकू लागली की रोपात ते वाढते. पर्णरंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर जाते, त्यामागोमाग पाणी जाते, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटते. पाणी वाचते, मात्र त्याच वाटेने आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. पावसाच्या खंडात पीक तगले तरी उतारा घटतो, त्यामागील हे एक कारण. या आम्लाला 'पर्णगळ आम्ल' असा प्रतिशब्द दिला, तर जुना गैरसमज मराठीत नव्याने रुजेल. येथे लिप्यंतरच बरे.

स्वयंअध्ययन : 'पाऊस लांबला की झाड विचारपूर्वक आपली छिद्रे बंद करते' हे वाक्य दोनदा नव्याने लिहा; एकदा कृषी पदविकेच्या पाठ्यपुस्तकासाठी, एकदा गावातील शेतकरी मेळाव्याच्या पत्रकासाठी. 'विचारपूर्वक' दोन्हीकडे गाळावे लागेल. वाक्याचा कर्ता 'झाड' ठेवावा की 'रक्षक पेशी', याचा निर्णय दोन्ही ठिकाणी वेगळा येऊ शकतो. तो का घेतला, हे तीन-चार ओळींत नोंदवा.