पेशींवरील ग्राही आणि थकलेले हृदय

हृदयविकार व रक्तदाब यांवरील अनेक औषधांचे कार्य पेशींच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म प्रथिनांवर अवलंबून असते. या प्रथिनांना 'ग्राही' म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात 'रिसेप्टर' हा शब्द अधिक रूढ आहे. रक्तातून किंवा मज्जातंतूंकडून आलेला रासायनिक संदेश ग्रहण करून तो पेशीच्या आत पोहोचवणे, हे त्यांचे काम. विशिष्ट कुलपाला विशिष्ट किल्ली लागावी, तसा प्रत्येक प्रकारच्या ग्राहीला ठरावीक घडणीचाच रेणू जुळतो. ग्राहींचे हे कार्य समजून घेतले, तर 'बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करू नका' असे डॉक्टर पुनःपुन्हा का बजावतात, याचा उलगडा होतो.

शोधाचा प्रवास

पेशींमध्ये संदेश ग्रहण करणारा पदार्थ असला पाहिजे, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन लँगले यांनी 1905 साली मांडली. 1948 मध्ये अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनलिन व तत्सम द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग केले. अल्फा ग्राही उद्दीपित झाले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बीटा ग्राहींचे पुढे उपप्रकार आढळले. त्यांपैकी बीटा-1 हे प्रामुख्याने हृदयात असून ते स्पंदनांचा वेग व जोर वाढवतात, तर बीटा-2 श्वासनलिका सैल करतात. भीती, संताप किंवा श्रमाच्या वेळी छाती धडधडते, ती मुख्यतः बीटा-1 ग्राहींमुळेच.

हृदयशूलाच्या रुग्णाचा रक्तपुरवठा वाढवणे अवघड असेल, तर हृदयाची प्राणवायूची गरजच कमी का करू नये, असा विचार सर जेम्स ब्लॅक यांनी केला. बीटा ग्राही अडवून धरणारे प्रोप्रॅनोलॉल हे त्यांच्या संशोधनाचे फळ 1964 साली पुढे आले. ब्लॅक हे 1988 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. या ग्राहींची रचना व कार्य उलगडणारे रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना 2012 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

थकलेल्या हृदयाला चाबूक

हृदयाची पंपक्षमता घटली की शरीर ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन यांचे प्रमाण वाढवते. प्रारंभी याचा उपयोग होतो. परंतु हे उद्दीपन महिनोन्महिने चालू राहिल्यास हृदयाच्या पेशी झिजतात, काही मृत होतात आणि स्पंदनांची लय बिघडते. थकलेल्या बैलाला चाबूक मारून चार पावले चालवता येते, गाव गाठता येत नाही. तसाच हा प्रकार आहे.

अशा वेळी पेशी स्वतःचा बचाव करू पाहते. अतिरेकी संदेश टाळण्यासाठी ती आपल्या पृष्ठभागावरील ग्राहींची संख्या कमी करते. अमेरिकेतील मायकेल ब्रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये अशी निकामी झालेली मानवी हृदये तपासली, तेव्हा त्यांतील बीटा ग्राही निरोगी हृदयाच्या तुलनेत सुमारे निम्मेच उरल्याचे दिसून आले.

दुर्बल हृदयाला बीटा ग्राहीरोधक औषध देणे घातक ठरेल, अशीच वैद्यकांची दीर्घकाळ समजूत होती. स्वीडनमधील फिन वॉगस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र 1975 साली सात रुग्णांवर हे उपचार करून सुधारणा झाल्याचे नोंदवले. हे मत सर्वमान्य होण्यास जवळजवळ पाव शतक लागले. 1999 मध्ये 'सिबिस-2' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यातील 2,647 रुग्णांपैकी औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत दर शंभरी सुमारे 17 मृत्यू झाले, तर बायसोप्रोलॉल घेणाऱ्यांत सुमारे 12. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी नियोजित मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. पंपक्षमता घटलेल्या रुग्णांसाठी बायसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल व कार्व्हेडिलॉल ही औषधे आज उपचारांचा एक आधारस्तंभ मानली जातात.

गोळी अचानक का थांबवू नये?

ग्राहींची संख्या स्थिर नसते, हे आपण पाहिले. संदेश अति झाले की ती घटते. उलट औषधाने ग्राही दीर्घकाळ अडवून ठेवले, तर अनेकदा पेशी त्यांची संख्या वाढवते. अशा स्थितीत गोळी एकाएकी बंद केली, तर वाढलेले सर्व ग्राही ॲड्रेनलिनला एकदम मोकळे मिळतात. परिणामी धडधड, रक्तदाबात वाढ, छातीत दुखणे आणि क्वचित हृदयविकाराचा झटकाही संभवतो. गावी जाताना औषध विसरणे, उपवासाच्या दिवशी गोळ्या टाळणे किंवा पैशांची अडचण आहे म्हणून औषध न आणणे, यांतील धोका येथे आहे. अडचण आर्थिक असेल, तर ती संकोच न करता डॉक्टरांना अथवा रुग्णालयातील समाजसेवा विभागाला सांगावी. त्यावर मार्ग निघू शकतो.

याचा अर्थ हे औषध प्रत्येकाला जन्मभर हवेच, असा नव्हे. झटका येऊन गेल्यानंतरही पंपक्षमता उत्तम असलेल्या सुमारे पाच हजार रुग्णांवरील 'रिड्यूस-एएमआय' या चाचणीत 2024 साली या औषधांचा विशेष लाभ आढळला नाही. म्हणून औषध थांबवणेही शक्य असते; मात्र तो निर्णय तपासणीअंती डॉक्टरांनी घ्यावयाचा असून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावयाची असते.

रुग्णांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुर्बल हृदयासाठी हे औषध अल्प मात्रेत सुरू करून काही आठवड्यांच्या अंतराने वाढवले जाते. प्रारंभी थोडा थकवा जाणवतो. खरा लाभ दिसण्यास काही महिने लागतात. दम्याचा विकार असल्यास तो अवश्य सांगावा, कारण श्वासनलिकांतील ग्राहीही अडवले जाऊ शकतात. मधुमेहींनी विशेष सावध असावे, कारण रक्तातील साखर एकदम घटल्याची सूचना देणारी धडधड या औषधामुळे जाणवेनाशी होते. चक्कर येणे, नाडी फार मंद होणे, पायांवर सूज किंवा दम वाढणे अशी लक्षणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांना भेटावे.

बरे वाटणे हे बहुधा औषध आपले काम करीत असल्याचे लक्षण असते. औषधाची गरज संपल्याचे नव्हे. रुग्ण आणि त्याच्या आप्तांनी एवढे जाणून घेतले, तरी कितीतरी टाळण्याजोगे प्रसंग टळतील.