मोतीची शाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीला दोन दिवस राहिले होते. तास संपल्यावर नववीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, अंध माणसाला कुत्रा वाट दाखवतो, हे खरं आहे का?"

"खरं आहे. पण तू का विचारतोस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले. त्याचे नाना धुळ्याला राहतात. पूर्वी ते यंत्रमागावर काम करीत. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. तरी पांढरी काठी घेऊन ते शेजारच्या गल्लीतल्या मशिदीत एकटे जात. मागच्या वर्षी अंगणात काठी हातातून निसटली. ती चाचपडत शोधताना नाना ओट्यावरून पडले. त्यांचे मनगट मोडले. हात बरा झाला. पण मनातली भीती गेली नाही. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत.

"नानांच्या अंगणात मोती नावाचा कुत्रा आहे," तो म्हणाला. "वर्षाचा झाला. सुट्टीत मी त्याला शिकवीन. काय काय सामान लागतं, तेवढं सांगा."

मी त्याला बाकावर बसवले. म्हटले, "सामानाचं नंतर पाहू. आधी हे कुत्रे काय करतात, ते ऐक."

पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग या गावी वाटाड्या कुत्र्यांची शाळा सुरू झाली. पुढे मॉरिस फ्रँक नावाचा अमेरिकन अंध तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडला गेला. तेथे तो बडी नावाच्या कुत्रीबरोबर चालायला शिकला. मायदेशी परतल्यावर १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. अशा संस्थांतून आजवर हजारो अंध माणसांना चार पायांचा सोबती मिळाला आहे.

या कुत्र्याच्या अंगावर चामड्याचा किंवा कापडी पट्ट्यांचा साज असतो. त्याला एक ताठ दांडा जोडलेला असतो. दोरी सैल पडते. पण कुत्रा वळला, थांबला, पायरी चढला की ताठ दांड्यातून ते माणसाच्या हाताला लगेच कळते.

"मग सिग्नल लाल आहे की हिरवा, हे कुत्राच पाहतो?" मुलाने विचारले.

"नाही. कुत्र्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. वाहनांचा आवाज ऐकून 'चल' असं माणूसच सांगतो. पण समोरून गाडी येत असेल, तर कुत्रा हुकूम मोडतो आणि जागीच थांबतो. कोणता हुकूम कधी मोडायचा, हे शिकवणं सर्वांत अवघड. त्यासाठी जाणकार शिक्षक आणि कित्येक महिने लागतात. आपल्या देशात असे कुत्रे फारच थोडे आहेत. मोतीला एका सुट्टीत शिकवून नानांना रस्त्यावर नेणं धोक्याचं आहे. ते करू नकोस."

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे मोतीचा काहीच उपयोग नाही?"

"तसं नाही. तू सामानापासून सुरुवात केलीस. नानांपासून सुरुवात कर. त्यांची रोजची अडचण कोणती?"

त्याने लगेच उत्तर दिले, "पडलेली काठी सापडत नाही."

"मग मोतीला तेवढं एकच काम शिकव."

"पण सर, नाना नमाजी आहेत. मोतीने काठी तोंडात धरली, तिला लाळ लागली, तर त्यांना चालणार नाही."

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी त्याला जंजीरची गोष्ट सांगितली. जंजीर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा. तो पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला होता. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी त्याने ३,३२९ किलो आर.डी.एक्स. शोधून दिले आणि असंख्य माणसांचे प्राण वाचवले. २००० साली तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याने सापडलेल्या वस्तूला तोंड लावायचे नसते. तिच्याजवळ गप्प बसायचे असते.

"मोतीनेही काठी उचलायची नाही. तिच्याजवळ जाऊन बसायचं," मी म्हणालो.

"पण तो कुठे बसला, हे नानांना कसं दिसणार?"

"दिसणार नाही; ऐकू येईल. त्याच्या गळ्यात घुंगरू बांध."

मुलगा हसला. मग आम्ही वहीत सामानाची यादी केली :

१. मऊ गळपट्टा. पट्टा आणि मान यांत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. काटेरी पट्टा नको.

२. दोन मीटर लांबीची मजबूत सुती दोरी.

३. मोठ्या आवाजाचे घुंगरू.

४. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा.

५. बक्षिसासाठी भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे नखाएवढे तुकडे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला अपायकारक असतात. ते देऊ नयेत.

६. पाण्याचे भांडे. शिकवताना ते नेहमी भरलेले असावे.

७. रोजची नोंद करण्यासाठी एक वही.

"आणि छडी?" त्याने विचारले.

"छडी नाही. मारलेला कुत्रा काम शिकत नाही, फक्त भ्यायला शिकतो. आणि एक गोष्ट सर्वांच्या आधी कर. मोतीला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस देतात. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा टोचावी लागते. कुत्रा चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. त्यात हयगय करायची नाही."

सुट्टी लागली. मुलगा एस.टी.ने जळगावहून धुळ्याला गेला. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा त्याने ती वही माझ्या हातात ठेवली.

पहिल्याच पानावर नानांचा नकार होता. "कुत्र्याला कशाला शिकवतोस?" असे त्यांनी विचारले होते. मग थोडा विचार करून ते स्वतःच म्हणाले होते, "अस्हाब-ए-कहफच्या गुहेच्या तोंडाशीही कुत्राच बसला होता. बरं, शिकव. पण मोती अंगणातच राहील." शिकवलेल्या शिकारी कुत्र्याचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये आहे आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीसही प्रसिद्ध आहे, याची आठवण त्यांनीच नातवाला करून दिली होती.

खानदेशातला मे महिना म्हणजे आगच! म्हणून फजरच्या नमाजानंतर दहा मिनिटे आणि सूर्य कलल्यावर दहा मिनिटे, एवढीच मोतीची शाळा भरे. त्याआधी मुलगा आपल्या हाताची मागची बाजू जमिनीला लावून पाही. हाताला चटका बसला, तर मोतीच्या पायांनाही बसणार. त्या दिवशी शाळेला सुट्टी!

पहिला आठवडा फुकट गेला. मुलाने मोतीला मराठीत 'बस' हा शब्द शिकवला होता. पण घरात सगळे उर्दू बोलणारे! जेवताना कोणी "बस, बस, और नहीं" म्हटले की अंगणात मोती पटकन खाली बसे. धाकटी बहीण त्याला 'बैठ' म्हणे, तर मामा 'सिट' म्हणत. मोती बिचारा सर्वांकडे पाहत राही. शेवटी नानांनी सर्वांना जवळ बोलावले. "शब्द एकच. 'बैठ'. सर्वांनी तोच वापरायचा," असे त्यांनी बजावले. वहीत त्यापुढे मुलाने लिहिले होते : 'चूक मोतीची नव्हती. आमची होती.'

मग प्रगती होऊ लागली. आधी मोतीने काठी नुसती हुंगली तरी शाबासकी आणि तुकडा मिळे. मग काठीजवळ बसल्यावरच तुकडा. मग काठी दोन पावले दूर, मग अंगणाच्या टोकाला. पंधराव्या दिवशी नानांनी स्वतः काठी खाली टाकली आणि हाक दिली, "मोती, काठी!" घुंगरू छुमछुमत गेले आणि थांबले. मोतीने मान हलवली की ते पुन्हा वाजे. त्या आवाजाच्या दिशेने नाना सावकाश पाच पावले चालले, खाली वाकले आणि त्यांच्या हाताला काठी लागली.

त्या दिवशी घरातले कोणी काही बोलले नाही. नानांनी मात्र मोतीच्या पाठीवर पहिल्यांदा हात ठेवला.

वहीचे शेवटचे पान असे होते : 'आज नाना मगरिबच्या नमाजाला काठी घेऊन एकटे गेले. मोती फाटकापाशी बसून राहिला. नाना परत आल्यावर त्याने शेपटी हलवली.'

मी वही मिटली. "मोती तर मशिदीपर्यंत गेलाच नाही. मग नाना एकटे कसे गेले?" मी मुद्दाम विचारले.

मुलगा म्हणाला, "सर, रस्ता नानांना आधीपासून पाठ होता. काठी पडली तर काय, एवढीच भीती होती. अंगणात रोज काठी सापडू लागली आणि ती भीती गेली."

शब्दार्थ

काचबिंदू – डोळ्यांचा एक आजार. चाचपडणे – न दिसता हाताने शोधणे. साज – जनावराच्या अंगावर चढवायचे पट्टे. हयगय – निष्काळजीपणा. बजावणे – ठासून सांगणे.

स्वाध्याय

१. नानांनी घराबाहेर पडणे का सोडले होते?

२. वाटाड्या कुत्र्याच्या साजाला ताठ दांडा का लागतो?

३. मोतीचा पहिला आठवडा फुकट का गेला? चूक कोणाची होती?

४. 'बस' या शब्दाचे मराठीतील व उर्दूतील अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.

५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वृद्ध माणसाची रोजची एक अडचण लिहा. ती दूर करण्यासाठी तुम्ही काय कराल?